हलवलेला बॉयलर आणि अर्धाच ‘पास’: इचलकरंजीतील एका सायझिंगचे प्रकरण

इचलकरंजीच्या यंत्रमागांना लागणारा ताणा मागावर चढण्यापूर्वी सायझिंगमधून जातो. वार्पिंगच्या बीमवरून, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरून, आलेले सूत गरम खळीत बुडवून पिळले जाते आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवले जाते. खळ शिजवायलाही वाफच लागते. त्यामुळे बॉयलर बंद पडला की सायझिंग बंद पडते आणि त्यावर अवलंबून असलेल्या यंत्रमागधारकांचे बीम अडकून राहतात. प्रस्तुत प्रकरण अशाच एका युनिटचे असून ते अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील मालक, दलाल व अधिकारी कोणत्याही एका व्यक्तीवर बेतलेले नाहीत. त्यांना लागू होणाऱ्या तरतुदी, मुदती आणि दाबाच्या मर्यादा मात्र कायद्यातील आहेत. घटना २०२२-२३ सालच्या धरल्या आहेत, म्हणजे बॉयलर अधिनियम, १९२३ आणि कारखाने अधिनियम, १९४८ हे दोन्ही अमलात असतानाच्या. त्यानंतर कायद्यात झालेला बदल पुढे योग्य ठिकाणी नोंदवला आहे.

काय घडले

युनिटमध्ये दोन सायझिंग मशीन आणि तीन पाळ्यांत मिळून तीसेक कामगार होते. जुना बॉयलर थकला होता आणि नव्याची किंमत परवडणारी नव्हती, म्हणून मालकाने एका दलालामार्फत सुरतजवळच्या डाईंग हाउसमधील वापरलेला बॉयलर घ्यायचे ठरवले. बॉयलर शेल प्रकारचा (पाण्याच्या नळकांड्यातून धूरनळ्या जाणारा), लाकडावर चालणारा, ताशी तीन टन वाफेचा, सुमारे ९० चौरस मीटर तापनपृष्ठाचा (आगीची उष्णता पाण्याला मिळते त्या पृष्ठभागाचा) आणि १०.५४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला नोंदलेला होता. त्याच्यासोबत गुजरातच्या बॉयलर कार्यालयाने दिलेला वापराचा दाखला होता आणि त्यावर मुदत १४ मार्च २०२३ पर्यंतची होती. दिवाळी उलटल्यावर बॉयलर ट्रेलरवरून इचलकरंजीत आला. बॉयलर-हाउसमध्ये पाया एकच असल्यामुळे जुना बॉयलर आधीच कापून भंगारात गेला होता, त्यामुळे मागे फिरायची वाट उरली नव्हती.

बसवणीच्या वेळी मागच्या ट्यूब-प्लेटकडील (नळ्यांची टोके जिच्यात बसतात त्या प्लेटकडील) काही धूरनळ्या गळताना दिसल्या. त्यांपैकी २८ नळ्या स्थानिक वेल्डरकडून बदलून घेण्यात आल्या. नळ्यांचा माल बाजारातील दुकानातून आणला होता आणि त्याचे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. मेन स्टॉप व्हॉल्व्हपासून मशीनपर्यंतची वाफेची लाइन नव्याने ओढली गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बॉयलर पेटवला गेला आणि ‘ट्रायल’ या नावाखाली दोन्ही मशीन चालू झाली. मालकाने एकदा शंका काढली होती, तेव्हा दलाल म्हणाला होता, “मार्चपर्यंत सर्टिफिकेट हाय की मालक. मार्च आला की इथल्या सायबाकडनं पास करून घिऊया.”

महिन्याभरात वीमा नूतनीकरणासाठी कागद मागितले गेले आणि ते पाहणाऱ्या सल्लागाराने पहिला प्रश्न विचारला: दाखल्यावर पत्ता कुठला आहे?

दाखला कशाचा असतो

दलालाचे म्हणणे ऐकायला सरळ वाटते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. वापराचा दाखला ठरावीक तारखेपर्यंत चालतो असे समजणारे मालक पुष्कळ आहेत, परंतु १९२३ च्या अधिनियमातील कलम ८ नीट वाचले तर मुदत संपणे हे दाखला निष्प्रभ होण्याच्या कारणांपैकी केवळ एक आहे असे दिसते. बॉयलरला अपघात झाला, बॉयलर एका जागेवरून दुसरीकडे हलवला, त्यात मंजुरीवाचून रचनात्मक बदल, भर किंवा नूतनीकरण केले, अथवा बॉयलर धोकादायक स्थितीत आहे म्हणून त्याचा वापर बंद करण्याचा मुख्य निरीक्षकाचा किंवा निरीक्षकाचा आदेश मालकाला मिळाला, तरी दाखला त्या क्षणी संपतो. कागदावरची तारीख पुढची असली तरी त्याने फरक पडत नाही. हलवण्याच्या अटीतून सूट आहे ती २०० चौरस फुटांपेक्षा कमी तापनपृष्ठाच्या उभ्या बॉयलरला आणि फिरत्या किंवा वाहनावरील बॉयलरला. आपला बॉयलर आडवा आणि नव्वद चौरस मीटरचा आहे, म्हणजे सुटीच्या जवळपासही नाही. सुरतहून ट्रेलर निघाला तेव्हाच मार्च २०२३ ही तारीख अर्थहीन झाली होती. नळ्या बदलल्या नसत्या तरीही निष्कर्ष हाच निघाला असता.

कायद्याने हलवण्याला एवढे महत्त्व का द्यावे, हे बॉयलर क्रेनने उचलताना ज्याने पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. शेलवर आधाराच्या जागा बदलतात, फुलवून घट्ट केलेल्या नळ्यांचे सांधे प्रवासात हादरून सैल होतात, आतले अग्निरोधक विटकाम तडकते, सगळी माउंटिंग्ज (बॉयलरवरचे व्हॉल्व्ह, गेज वगैरे) उतरवून पुन्हा बसवली जातात आणि ती बसवणारे हात दुसरेच असतात. शिवाय नव्या जागी पाया, फीड लाइन, वाफेची लाइन आणि पाण्याची प्रत यांपैकी काहीच पूर्वीचे राहत नाही. निरीक्षकाने सुरतेत जे पाहून सही केली होती, त्यातला फक्त पोलादी सांगाडा इचलकरंजीत पोहोचला होता.

मालकाच्या वकिलाने कलम १० चा आधार घेऊन पाहिला. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल, तर त्यावर आदेश होईपर्यंत पूर्वीच्या दाखल्यावरील दाबाला बॉयलर वापरण्याची मुभा हे कलम देते, हे खरे आहे. परंतु ही मुभा मुदत संपल्यामुळे निर्माण होणाऱ्या पोकळीपुरती आहे. जागा बदलल्यामुळे गेलेला दाखला ती जिवंत करत नाही. त्याशिवाय इथे अर्जच झालेला नव्हता. ‘ट्रायल’ या शब्दालाही कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. निरीक्षकाच्या उपस्थितीत वाफेची चाचणी घेणे वेगळे आणि तीन पाळ्यांत सूत काढून बिले करणे वेगळे.

याचा परिणाम कलम २३ मध्ये होता: विनादाखला वापरासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा चालूच राहिल्यास प्रत्येक दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत जादा दंड. मंजुरीवाचून रचनात्मक बदल करणे किंवा सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करणे ही याहून गंभीर बाब मानून कलम २४ ने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाचीही तरतूद ठेवली होती. आकड्यांकडे पाहून एखादा मालक म्हणेल की लाख रुपये भरू. मात्र विनादाखला बॉयलरवर अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हाच कागद मागते, ही गोष्ट या हिशेबात धरली जात नाही.

गुजरातचा क्रमांक महाराष्ट्रात

बॉयलरवर कोरलेला नोंदणी क्रमांक गुजरातचा असल्याने आता महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करून नवा क्रमांक घ्यावा लागेल, अशी मालकाची दुसरी समजूत होती. तसे नाही, आणि ते का नाही यामागे एक इतिहास आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक माणसे दगावली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालने कलकत्ता व उपनगरांपुरता बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि त्यांच्यातील फरकांमुळे एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात अडू लागला. १९२०-२१ च्या बॉयलर कायदे समितीने हा गोंधळ पाहून एकसमान कायद्याची शिफारस केली. त्यातून आलेला अधिनियम १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. आज संपूर्ण देशाला भारतीय बॉयलर विनियम, १९५० ही एकच तांत्रिक नियमावली लागू आहे आणि ‘आयबीआर’ (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) हा कारखान्यांतला रोजचा शब्द तिथूनच आला. त्यामुळे बॉयलर राज्य बदलतो तेव्हा मूळ क्रमांक कायम राहतो. मूळ राज्याच्या कार्यालयाकडून नोंदणीचे दस्तऐवज आणि तपासणीची नोंदवही, जिला सर्वजण मेमोरँडम बुक म्हणतात, ती नव्या राज्याच्या कार्यालयाकडे मागवली जाते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

माझ्या मते या प्रकरणातील खरी चूक इथे आहे आणि ती डिसेंबरात नव्हे, व्यवहार ठरला त्या दिवशी झाली. मेमोरँडम बुकमध्ये बॉयलरचा जन्मापासूनचा वृत्तान्त असतो: कोणत्या वर्षी कोणती प्लेट किती झिजलेली आढळली, कोणत्या नळ्या बदलल्या, दाब कधी कमी केला, कोणत्या शेऱ्यावर दाखला दिला. कलम १६ नुसार विकणाऱ्याने चालू दाखला खरेदीदाराच्या हवाली करायचा असतो आणि इथे तो झालाही होता. पण दाखला म्हणजे त्या वर्षीचा निकाल, तर मेमोरँडम बुक म्हणजे सगळ्या इयत्तांची गुणपत्रिका. मालकाने निकाल पाहिला आणि पैसे मोजले. नोंदवहीतील उतारे जानेवारीत हाती आले, तेव्हा मागच्या ट्यूब-प्लेटजवळील गळतीची नोंद सलग दोन तपासण्यांत केलेली दिसली. बसवणीच्या वेळी ज्या नळ्या ‘अचानक’ गळताना आढळल्या, त्या तिथल्या निरीक्षकाला ठाऊक होत्या.

तपासणीसाठी बॉयलर तयार करणे

सल्लागाराच्या सांगण्यावरून बॉयलर थंड करण्यात आला, संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात अर्ज व विहित फी भरली गेली, आणि बीम तात्पुरते दुसऱ्या सायझिंगमध्ये मजुरीने पाठवले गेले. मालकाला ही तडजोड बोचली. परंतु अर्ज आल्यावर निरीक्षकाने तीस दिवसांच्या आत तपासणीची तारीख ठरवायची आणि मालकाला किमान दहा दिवसांची सूचना द्यायची, असे कायद्याने बांधून दिलेले असल्यामुळे विलंब अमर्याद नसतो. तपासणीनंतर मुख्य निरीक्षकाचा आदेश येईपर्यंत निरीक्षक तात्पुरता आदेश देऊ शकतो आणि तो सहा महिन्यांपर्यंत चालतो. हा आदेश तपासणीनंतर मिळतो, आधी नाही. ‘अर्ज केलाय, आता चालवायला हरकत नाही’ असे समजणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

विनियमांतील ३७६ व्या कलमात तपासणीच्या तयारीचे जे वर्णन आहे, ते वाचले की निरीक्षकाची भेट औपचारिक असावी अशी कायद्याची अजिबात कल्पना नव्हती हे स्पष्ट होते. बॉयलर पूर्ण रिकामा आणि सर्व भागांत स्वच्छ हवा. मॅनहोल, हँडहोल आणि साइटहोलची झाकणे काढलेली हवीत. जाळीच्या सळ्या, त्यांचे आधार आणि विटांची कमान बाहेर आलेली असावी. धूरनळ्या व धुराचे मार्ग झाडून साफ केलेले असावेत, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह व कॉक सुटा करून, गरज असेल तिथे घासून बसवण्यायोग्य ठेवलेला असावा. शेजारी दुसरा बॉयलर वाफेवर असेल तर मधली पाइपची लांबी काढून किंवा भक्कम ब्लँक फ्लँज (पाइपचे तोंड बंद करणारी चकती) टाकून दोघांचा संबंध तोडायचा असतो, कारण आत माणूस उतरणार असतो. मालकाने ही तयारी सबळ कारणाशिवाय केली नाही, तर निरीक्षकाने तपासणी नाकारावी आणि मुख्य निरीक्षकाने नवा अर्ज मागवावा, असे कलम १४ सांगते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पुढचे दार उघडून टॉर्च मारला की तपासणी झाली असे मानण्याची सवय मालकांनाच लागलेली असते.

इथे तयारी नीट केली गेली आणि तिचे फळही लगेच मिळाले. मागचे दार उघडल्यावर बदललेल्या २८ नळ्यांची टोके बाकीच्यांहून वेगळी दिसत होती. मूळ नळ्या ट्यूब-प्लेटमध्ये एक्स्पांडरने फुलवून घट्ट केलेल्या होत्या. नव्या नळ्या मात्र भोकात ढिल्या बसवून कडेने वेल्डिंगचा जाड घेर मारला होता, आणि दोन ठिकाणी शेजारच्या नळ्यांचे वेल्ड एकमेकांत मिसळले होते. निरीक्षकाने नळीच्या मालाचे प्रमाणपत्र, वेल्डरचे प्रमाणपत्र आणि दुरुस्ती करणाऱ्या संस्थेची मान्यता अशा तीन गोष्टी मागितल्या. तीनपैकी एकही नव्हती.

मालकाचा युक्तिवाद असा होता की नळी बदलणे ही किरकोळ दुरुस्ती आहे. कायदा किरकोळ स्वरूपाच्या बदलीला रचनात्मक नूतनीकरण मानत नाही ही गोष्ट खरी आहे, पण त्याच व्याख्येत अट आहे की बदललेला भाग मूळ भागापेक्षा ताकदीने किंवा कार्यक्षमतेने कमी नसावा. ज्या नळीचा धातू कोणता, भिंत किती जाडीची आणि ती कोणत्या चाचणीतून गेली हे सांगणारा कागदच नाही, ती मूळ नळीच्या तोडीची आहे हे सिद्ध कशाने करणार? एखादी नळी असती तर वाद घालता आला असता. एकाच कोपऱ्यातील २८ नळ्या, तेही बसवण्याची पद्धत बदलून, हे माझ्या मते किरकोळ नाही आणि निरीक्षकानेही तसेच ठरवले. बॉयलरची दुरुस्ती विनियम ३९२ खाली मान्यता मिळालेल्या दुरुस्ती संस्थेकडूनच करून घ्यायची असते. त्या संस्थांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि वेल्डर आयबीआर पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावा लागतो.

निरीक्षकाने लगेच नकार न देता हायड्रॉलिक चाचणी, म्हणजे पाणी भरून दाब देण्याची चाचणी, पाहायची तयारी दाखवली. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी ब्लँक फ्लँज लावले गेले, बॉयलर काठोकाठ भरताना वरच्या कॉकमधून हवा संपूर्ण बाहेर जाऊ दिली, कारण आत अडकलेली हवा दाबली गेली तर फुटताना पाण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते, आणि हातपंपाने दाब चढवायला सुरुवात झाली. गाठायचा आकडा कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १५.८१ किलो होता. निरीक्षकाने आपला स्वतःचा गेज लावला होता. बारा किलोच्या पुढे काटा चढेना. पंप मारला की हलायचा आणि हात थांबला की हळूहळू मागे यायचा. मागच्या बाजूला बसलेल्या फिटरने तीन नळ्यांच्या कडांवर खडूने खुणा केल्या. तिथे पाण्याचे मणी धरत होते आणि एकीच्या वेल्डमधून केसाएवढी धार लागली होती. चाचणी तिथेच थांबवण्यात आली. सगळ्या २८ नळ्या काढून, मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेकडून, प्रमाणित मालाच्या नळ्या मूळ पद्धतीने बसवाव्यात आणि पुन्हा चाचणी द्यावी, असा शेरा पडला.

दुसऱ्या चाचणीत काटा स्थिर राहिला. त्यानंतर वाफेची चाचणी झाली: स्टॉप व्हॉल्व्ह बंद, भट्टी पूर्ण जोरात, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडू द्यायचे, शेल बॉयलरच्या बाबतीत पंधरा मिनिटांत दाब कमाल मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर चढता कामा नये. तोही चढला नाही.

‘पास’ कुठपर्यंत

इथवर मालकाच्या दृष्टीने विषय संपला होता. बॉयलर पास झाला होता. मात्र निरीक्षक परत जाण्यापूर्वी वाफेच्या लाइनपाशी थांबला, आणि या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तिथे सुरू होतो.

अधिनियमातील ‘स्टीम-पाइप’ची व्याख्या मोजमापाची आहे. पाइपमधील वाफेचा दाब वातावरणाच्या वर ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून अधिक असेल, किंवा पाइपचा आतील व्यास २५४ मिलिमीटरहून मोठा आणि दाब एक किलोहून अधिक असेल, तर तो पाइप व त्यावरील फिटिंग्ज बॉयलर कायद्याखाली येतात. या युनिटमध्ये मेन स्टॉप व्हॉल्व्हपासून मशीनजवळच्या दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, ज्याला सगळे पीआरव्ही म्हणतात, लाइनमध्ये दहा किलोची वाफ होती. तेवढी लाइन ‘आयबीआर’. तिचा आराखडा मंजुरीसाठी द्यायला हवा होता, पाइपला नमुना तीन-अ आणि व्हॉल्व्हना नमुना तीन-क हे निर्मात्याचे प्रमाणपत्र लागत होते. पाइपचे कागद होते, दोन व्हॉल्व्हचे नव्हते. ते व्हॉल्व्ह बदलावे लागले. पीआरव्हीच्या पुढे वाफ तीन किलोची आणि पाइप दोन-अडीच इंची. म्हणजे बॉयलर निरीक्षकाचा अधिकार त्या एका व्हॉल्व्हपाशी संपतो.

याचा अर्थ पुढे कायदा नाही असा मात्र होत नाही. सिलिंडर, खळ शिजवण्याचा बंद कुकर आणि कोपऱ्यातल्या एअर कॉम्प्रेसरची टाकी ही दाबपात्रे आहेत. त्यांना कारखाने अधिनियमाचे कलम ३१ आणि महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधील नियम ६५ लागू होतो, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कार्यालय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे. ‘आयबीआर नाही’ याचा अर्थ ‘तपासणी नाही’ असा लावण्याची जी रीत पडली आहे, तिला कायद्यात कसलाही आधार नाही. दोन्ही कार्यालये कामगार विभागाच्याच छत्राखालची; पण एकाने दिलेला दाखला दुसऱ्याच्या हद्दीतील लोखंडाबद्दल काहीही म्हणत नाही, आणि या दोहोंमध्ये उभे असलेले पीआरव्ही बिघडले तर दहा किलोची वाफ तीन किलोसाठी बनवलेल्या पात्रात शिरते.

नियम ६५ ची अपेक्षा साधी आहे. प्रत्येक पात्राला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह, सुरक्षित दाबावर लाल खूण असलेला गेज, स्टॉप व्हॉल्व्ह आणि निचऱ्याचा कॉक हवा. वाफेचा स्रोत पात्राच्या क्षमतेपेक्षा जास्त दाबाचा असेल तर मध्ये दाब कमी करणारे साधन हवे. सक्षम व्यक्तीने, म्हणजे मुख्य कारखाना निरीक्षकाने मान्यता दिलेल्या तज्ज्ञाने, सहा महिन्यांतून एकदा बाहेरून, वर्षातून एकदा आतून तपासणी करावी आणि चार वर्षांतून एकदा हायड्रॉलिक चाचणी घ्यावी. युनिटमध्ये बॉयलरचे कागद फाइलमध्ये जपून ठेवलेले होते. सिलिंडरांच्या तपासणीचा शेवटचा अहवाल तीन वर्षांपूर्वीचा होता आणि कॉम्प्रेसरच्या टाकीचा अहवाल कधी झालाच नव्हता. पीआरव्हीच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह होता; तो गळतो म्हणून फोरमनने त्याची स्प्रिंग आवळून ठेवली होती.

रात्रपाळीचा मुद्दाही याच भेटीत निघाला. बॉयलर प्रमाणपत्रधारक परिचराच्या, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाच्या, प्रत्यक्ष ताब्यात असला पाहिजे, असे कायदा व बॉयलर परिचर नियम, २०११ सांगतात. युनिटमध्ये असा परिचर एकच होता आणि तो दिवसपाळीला असे. रात्री लाकूड घालणारा फायरमन अनुभवी होता, गेज ग्लास फुंकून पाणी पाहण्यात तरबेज होता, पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. आणखी दोन परिचर नेमावे लागले. त्या फायरमनला परीक्षेला बसवण्याचे मालकाने मान्य केले, हे या प्रकरणात त्याने स्वतःहून घेतलेल्या मोजक्या चांगल्या निर्णयांपैकी एक.

जुन्या मशीनचे सिलिंडर

दुसऱ्या क्रमांकाचे मशीन जाड सुतासाठी ठेवलेले होते आणि त्याचे दोन्ही सिलिंडर तांब्याच्या पत्र्याचे होते. अशा पातळ भिंतींच्या पात्रांसाठी कारखाने नियमांत एक वेगळीच तरतूद आहे आणि ती सायझिंगच्या सिलिंडरचे नाव घेऊन केलेली आहे. तांबे किंवा अन्य बिगरलोह धातूच्या सायझिंग सिलिंडरला हायड्रॉलिक चाचणीतून सूट मिळू शकते, पण त्याच्या बदल्यात वयाची शिस्त पाळावी लागते: पहिल्या पाच वर्षांनंतर दर वर्षी सुरक्षित दाब मूळ दाबाच्या पाच टक्क्यांनी कमी करायचा, आणि वापरात आल्यापासून वीस वर्षांनंतर सिलिंडर वापरायचाच नाही. वय माहीत नसेल तर सक्षम व्यक्तीने मुख्य निरीक्षकाच्या विचाराने ते ठरवायचे.

ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. पातळ सिलिंडर आतून झिजतो, बाहेरून सूत त्याला घासत राहते, आणि मशीन थांबल्यावर आतली वाफ थिजून निर्वात झाला तर व्हॅक्युम ब्रेकर (आत हवा घेणारा व्हॉल्व्ह) न उघडल्यास तो बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपतो. दीडपट दाबाची चाचणी अशा पत्र्याला तपासण्याऐवजी दुखावण्याचीच शक्यता जास्त. म्हणून नियमकर्त्यांनी चाचणीऐवजी कॅलेंडर लावले.

मशीन एका बंद पडलेल्या गिरणीतून घेतलेले असल्याने सिलिंडरांच्या जन्मतारखेचा पुरावा नव्हता. सक्षम व्यक्तीने जाडी मोजून आणि गिरणीच्या खरेदी बिलावरून त्यांचे वय १४ वर्षे धरले. मूळ सुरक्षित दाब दोन किलो. पहिली पाच वर्षे वजा जाता उरलेल्या नऊ वर्षांची घट ४५ टक्के, म्हणजे आता परवानगी १.१ किलोची, आणि पुढच्या वर्षी एक किलोची. फोरमन ते मशीन अजूनही दोन किलोवर चालवत होता, कारण गेजवरची लाल खूण मशीन आले तेव्हा जिथे होती तिथेच राहिली होती.

या काळानंतर दोन्ही कायदे बदलले. संसदेने संमत केलेल्या बॉयलर अधिनियम, २०२५ ने १९२३ चा कायदा रद्द केला. सात गुन्ह्यांपैकी ज्यांमुळे जीवित वा मालमत्तेची हानी होऊ शकते अशा चार गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा त्यात कायम ठेवली आहे, तर उरलेल्यांसाठी आर्थिक शास्तीची तरतूद आहे. कारखाने अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली; संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतात. आज असाच व्यवहार करणाऱ्याने वर दिलेले कलम क्रमांक नव्या मजकुराशी पडताळून घ्यावेत. नोंदणी व दाखल्याशिवाय बॉयलर वापरू नये हा गाभा नव्या अधिनियमातही तसाच आहे.

मालकापुढे जुन्या मशीनबाबत दोन वाटा होत्या. १.१ किलो दाबावर मशीन चालवायचे तर सिलिंडर पुरेसे तापत नव्हते आणि सूत ओले राहू नये म्हणून वेग जवळजवळ निम्म्यावर आणावा लागत होता. तोही दर वर्षी आणखी कमी होत जाणार होता. त्याने दोन महिने तसे चालवून पाहिले, मग दोन्ही सिलिंडर तांब्याच्या भावाने विकून स्टेनलेस स्टीलचे बसवले. नव्या सिलिंडरांना वीस वर्षांची अट नाही. चार वर्षांतून एकदा हायड्रॉलिक चाचणी मात्र आहे, आणि तिची पहिली तारीख बॉयलरच्या फाइलमध्ये नव्हे, वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवली आहे.